सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा



गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्याकडे सहलींची बोलणी सुरू होतात. कोणी पंढरपूर-तुळजापूर करतो, कोणी काशी-रामेश्वर. अलीकडे "दोन-चार परदेश बघून यावेत" असं बोलणारे सभासदही गट ऑफिसात भेटतात. पण लगेच पुढचं वाक्य ठरलेलं, "आपल्या ऐपतीचं काम नव्हं ते!" अशा मंडळींसाठी मुंबईच्या सहा पारशी तरुणांची खरी हकीकत आम्ही येथे देत आहोत.

हे सहाजण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. अंग कमावलेलं आणि उमेद मोठी. युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच माणसाचं भाषण १९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर झालं. ते ऐकून मंडळींच्या मनानं घेतलं की, आपणही जग बघायचं आणि ते सायकलवरून. देश तेव्हा पारतंत्र्यात होता. जग आपण जवळून पाहावं, आणि हिंदुस्थानची माणसं कशी असतात हे जगालाही कळावं, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांनी मुंबई सोडली.

पंजाब, बलुचिस्तान करीत ते इराणात शिरले आणि तेहरानवरून बगदादला पोचले. खरी कसोटी पुढे होती. बगदाद ते सीरियातलं अलेप्पो हे ९५६ किलोमीटरचं वाळवंट त्यांनी २३ दिवसांत पार केलं. म्हणजे रोजचे सरासरी साडेएक्केचाळीस किलोमीटर झाले. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण डांबरी सडक नाही, पारा पन्नाशीच्या वर, वाळूची वादळं आणि घशाला कोरड! भर वैशाखात नांगरटीच्या रानातून सायकल रेटून पाहिलेल्या गड्यालाच त्याची थोडीफार कल्पना येईल.

तिथून बोटीनं इटली गाठून त्यांनी युरोप पालथा घातला. आल्प्स पर्वतात ते ६,६०० फुटांपर्यंत चढले. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे त्याहूनही १,२०० फूट वर, तेही सायकलसकट! इंग्लंडहून ते अमेरिकेला गेले आणि पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत ८,४०० किलोमीटरचं अंतर त्यांनी पाच महिन्यांत तोडलं. पुढं जपान, कोरिया, चीन, इंडोचायना करीत ब्रह्मदेशमार्गे ते मायदेशी परतले. १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला पोचले तेव्हा साडेचार वर्षं होत आली होती आणि सायकलींनी ७१,००० किलोमीटर अंतर तोडलं होतं. मुंबई-कोल्हापूर अंतर ४०० किलोमीटर धरलं, तर हे जवळजवळ ८८ वेळा जाऊन-येऊन होतं.

पण निघाले सहा आणि परतले तिघेच. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे ते तिघे. बाकीच्यांपैकी एकजण तेहरानहून घरच्या कारणानं माघारी फिरला. एकाला अमेरिका इतकी आवडली की तो तिथंच राहिला. दोस्तानं अशी साथ सोडल्यावर तिसऱ्याचंही मन मोडलं. यात कोणाला नावं ठेवायचं कारण नाही. घर, प्रपंच, मनाची ओढ प्रत्येकाला असतेच. मात्र उरलेल्या तिघांनी "सहाचे तीन झालो, आता कशाला पुढं जायचं?" असं म्हटलं नाही, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. या तिघांनी प्रवासाचं पुस्तक लिहिलं. १९३१ साली निघालेल्या त्या पुस्तकाला प्रस्तावना पंडित नेहरूंची होती.

या धाडसाची लागण इतरांनाही झाली. १९२४ साली फ्रामरोज दावर हा क्रीडा पत्रकार मुंबईहून एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव नावाचा ऑस्ट्रियन सोबती मिळाला. सहारा वाळवंट आणि ॲमेझॉनचं जंगल पार करीत दावर सात वर्षांत ५२ देश फिरला. १९३३ साली आणखी तिघे निघाले, ते १९४२ मध्ये परतले.

आता कोणी विचारील, "एवढं फिरून मिळालं काय? घरी राहिले असते तर चार पैसे तरी गाठीला लागले असते." प्रश्न रास्त आहे. उसाला पाण्याची पाळी चुकवून चार वर्षं भटकायला जा, असं आम्ही कोणालाच सांगणार नाही. पण ही पोरं काही कुठल्या संस्थानाचे राजपुत्र नव्हती. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर नेमानं तोडायचे, एवढंच त्यांचं भांडवल. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण बचतीबाबत सांगतो, ते रस्त्यालाही लागू आहे.

ज्यांना खरोखर जायचं आहे त्यांनी सुरुवात जवळून करावी. नेपाळ आणि भूतानला जायला भारतीय नागरिकाला पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. भूतानमध्ये मात्र मुक्कामाच्या दर रात्रीमागे सरकारी शुल्क भरावं लागतं. त्यापुढं जायचं तर पासपोर्ट आधीच काढून ठेवावा. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो. मुदत संपायला सहा महिने तरी शिल्लक असावेत, अशी पुष्कळ देशांची अट असते. आणि नुसती देशांची संख्या वाढवण्यापेक्षा तिथली शेती, बाजार आणि माणसं बघून यावीत.

आपल्या सभासदांपैकी जे कोणी परदेश पाहून आले असतील, त्यांनी आपले अनुभव साध्या भाषेत लिहून गट ऑफिसात द्यावेत. मायमाऊल्यांनीही संकोच करू नये. ते पुढील अंकांतून आम्ही अगत्यानं छापू.