टपालाची झडती

४ मे २००० रोजी ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सला आपली ईमेल यंत्रणा बंद करावी लागली. कारण होते ‘आय लव्ह यू’ शीर्षकाचे एक पत्र. सोबतची फाइल साध्या मजकुराची भासे; विंडोज तिच्या नावातील शेवटचा ‘.व्हीबीएस’ हा भाग लपवीत असल्याने ती आज्ञावली आहे हे कळत नसे. उघडताच ती पत्ते-यादीतील सर्वांना रवाना होई. विषाणू आला तो ओळखीच्याच नावाने.

आज टपालाची पहिली झडती सेवादात्याच्या सर्व्हरवर होते. जोडलेली फाइल ज्ञात विषाणूंच्या खुणांशी ताडली जाते. संशय आल्यास ती बंदिस्त आभासी संगणकात चालवून तिचे वर्तन पाहतात. फाइल घरी उतरली की तेथील अँटिव्हायरस ती पुन्हा तपासतो. रहिमतपूरच्या काटकर बंधूंचे पुण्यातील ‘क्विक हील’ याच कामाचे.

मात्र पासवर्डने कुलूपबंद केलेली झिप फाइल या यंत्रांना सहसा उघडता येत नाही. किल्ली त्याच पत्रात दिलेली असेल, तर सावधच राहावे. जयंतीचे निमंत्रण कुलपात कोण पाठवील? आधी त्या स्नेह्याला फोन करावा. पत्र खोटे ठरल्यास ते राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राकडे पुढे पाठवावे. ही सोय एप्रिल २०२० पासून आहे.