पस्तिशीत आतड्याचा कॅन्सर: जेनेटिक टेस्टमधून नेमकं काय कळतं?

समजा, शिर्डीत हॉटेलवर काम करणारा ३५ वर्षांचा तरुण आहे. शौचातून रक्त जातं, पण मूळव्याध समजून तो वर्षभर मेडिकलमधून मलम आणतो. शेवटी कोलोनोस्कोपी होते आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघतो. भावाचा पहिला प्रश्न असतो, "मलाही होईल का?"

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१७ मध्ये अशा ८०० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचं सरासरी वय होतं अवघं ४७.

टेस्ट दोन प्रकारच्या

एक असते गाठीची. उदाहरणार्थ, 'केआरएएस' जनुकातला बदल फक्त गाठीत असतो. तो आई-वडिलांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही. कोणतं औषध लागू पडणार नाही, हे त्यावरून कळतं.

दुसरी असते रक्ताची. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही जनुकं डीएनएतल्या चुका दुरुस्त करतात. त्यातलं एखादं जन्मतःच बिघडलेलं असेल, तर त्याला 'लिंच सिंड्रोम' म्हणतात.

मग सुरुवात कुठून?

बायोप्सीच्या तुकड्यावरच 'एमएमआर' तपासणी करता येते. दुरुस्ती करणारं प्रथिन त्यात दिसलं नाही, तर आनुवंशिक दोषाचा संशय येतो आणि रक्ततपासणी सुचवली जाते.

या निकालाने उपचारही बदलू शकतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात असा दोष असलेला गुदाशयाचा कॅन्सर झालेल्या १२ रुग्णांना 'डोस्टारलिमॅब' दिलं गेलं होतं. शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनशिवाय सगळ्यांच्या गाठी नाहीशा झाल्या.

भावाचं काय?

बहुतेक तरुण रुग्णांचा कॅन्सर आनुवंशिक नसतो. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ५० वर्षांखालच्या ४५० रुग्णांपैकी १६ टक्क्यांमध्येच जन्मजात दोष सापडला. पण लिंच निघालाच, तर प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि मुलात तो असण्याची शक्यता साधारण ५० टक्के असते. दोष सापडलेल्यांनी साधारण २०-२५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायची असते. मांसाचा कोंब दिसला, तर कॅन्सर होण्याआधीच तो काढता येतो.

टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात कर्करोग आनुवंशिकतेसाठी स्वतंत्र विभाग आहे.

म्हणून रक्त जात असेल, तर वय कमी आहे म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कुणाला पन्नाशीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर एवढंच विचारा: "एमएमआर तपासणी झाली आहे का?"