सोयाबीन नोंदवले, तूर राहिली? मग सातबारा एकदा तपासाच

शिरूर अनंतपाळ : सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ, ही साकोळ, येरोळ, उजेडच्या शिवारातली जुनीच पद्धत. या पिकांची नोंद पूर्वी तलाठी करत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ते काम 'ई-पीक पाहणी' अ‍ॅपमुळे शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. घाईत अनेकदा फक्त सोयाबीन नोंदवले जाते आणि तूर राहून जाते.

नोंद कुठे दिसते?
सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. जमीन कोणाची, हे सात सांगतो. रानात काय पेरले, हे बारा सांगतो. तुम्ही मोबाइलवर भरलेली माहिती या बारामध्ये जाते.

नोंद नसेल तर काय अडते?
हमीभाव केंद्रावर नाव नोंदवताना पिकाची नोंद असलेला सातबारा मागतात. तूर घरात आहे, पण सातबाऱ्यावर नाही, तर ती पडत्या भावात व्यापाऱ्याला घालण्याची वेळ येते. अतिवृष्टीची मदत आणि पीककर्जासाठीही ही नोंद लागते. विमा एका पिकाचा आणि पाहणीत दुसरेच पीक असेल, तर पाहणीतली नोंद ग्राह्य धरली जाते. त्यामुळे विम्याचा हप्ता भरूनही हात रिकामे राहू शकतात.

नोंद कशी करायची?
• अ‍ॅपमध्ये जिल्हा, तालुका, गाव निवडा. मोबाइल क्रमांक टाकून खातेदाराचे नाव किंवा गट क्रमांक शोधा.
• आंतरपीक असेल तर 'मिश्र पीक' निवडा. सोयाबीन आणि तूर, दोन्हींचे क्षेत्र भरा.
• पेरणीची तारीख व सिंचनाचे साधन भरा. फोटो शेतात उभे राहूनच काढा.
• रानात रेंज नसेल तर माहिती मोबाइलमध्ये साठते. रेंजमध्ये आल्यावर ती अपलोड करायला विसरू नका.

स्मार्टफोन नसेल तर?
एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. भावकीतल्या किंवा शेजारच्या कोणाला सोबत घेऊन शेतात जा. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या गटांची पाहणी गावपातळीवरचे सहायक करतात. पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

चूक झाली तर?
स्वतः केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येते. त्यानंतर तलाठी कार्यालय गाठावे लागते. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघते; रान मोकळे झाल्यावर फोटो कशाचा काढणार?

आज एवढे करा
अ‍ॅपमध्ये गावाची पीक पाहणी उघडून आपले नाव पाहा. 'महाभूमी' संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. त्यात सोयाबीनसोबत तूर लागली आहे का, ते बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावावर वेगळा गट असेल, तर तोही तपासा.