दोनदा बांधा, असं सांगणारा माणूस

इंजिनिअरिंगच्या ओरलला हमखास येणारा प्रश्न: सॉफ्टवेअर बांधण्याचं वॉटरफॉल मॉडेल कोणी मांडलं? उत्तर पाठच असतं. विन्स्टन रॉइस, १९७०.

रॉइसचा तो निबंध मुळातून वाचला की मात्र चक्रावायला होतं. ‘वॉटरफॉल’ हा शब्दच त्यात नाही. सात चौकटी पायरीपायरीने खाली उतरतात अशी ती प्रसिद्ध आकृती आहे: आधी प्रणालीच्या मागण्या, मग सॉफ्टवेअरच्या मागण्या, विश्लेषण, रचना, कोडिंग, टेस्टिंग आणि शेवटी प्रत्यक्ष वापर. तिच्याबद्दल रॉइस लगेच बजावतो, की कल्पना पटते, पण ती अशीच राबवली तर काम फसण्याचा धोका आहे. कारण उघड आहे. टेस्टिंग अगदी शेवटी. प्रोग्रॅम वेळेत उत्तर देतो का, मेमरी पुरते का, हे तोवर सगळे कागदावरचे अंदाज. तिथे गफलत निघाली तर नुसता कोड दुरुस्त करून भागत नाही. रचना बदलावी लागते, कधी तर मूळ मागण्यांनाच हात घालावा लागतो. त्याचा सल्ला असा, की तीस महिन्यांचं काम असेल तर आधी दहाएक महिन्यांत एक छोटी आवृत्ती बांधून बघा आणि मग खरी बांधा.

लोकांनी आकृती उचलली, मजकूर तिथेच ठेवला! १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर कंत्राटांसाठी काढलेलं मानकही याच वळणाचं होतं. त्याच्या जागी अधिक लवचीक मानक यायला १९९४ उजाडलं.

म्हणून वॉटरफॉल टाकाऊ ठरत नाही. जुनी प्रणाली जशीच्या तशी नव्या मशीनवर न्यायची असेल, म्हणजे काय हवंय हे आधीच पक्कं असेल, तर ते उत्तम चालतं. पेसमेकर किंवा मोटारीचे ब्रेक असतील तर व्ही-मॉडेल बरं: मागणी लिहितानाच ती कशी तपासायची तेही ठरतं, आणि उतरत्या बाजूच्या प्रत्येक पायरीसमोर चढत्या बाजूला तिची चाचणी उभी असते. बॅरी बोहेमचं स्पायरल मॉडेल प्रत्येक फेरीला आधी विचारतं, की आत्ता सर्वांत मोठा धोका कुठला? मोठ्या, महागड्या, अनोळखी कामाला हा प्रश्न फार उपयोगी. चार जणांच्या छोट्या कामाला निव्वळ ओझं. आणि ग्राहकाला काय आवडेल हे त्याच्या हातात दिल्याशिवाय कळतच नाही, अशा मोबाइल अ‍ॅपसाठी अजाइल, म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांत थोडं थोडं बांधून दाखवत जाणं. त्याचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्ड इथे जमलेल्या सतरा जणांनी लिहिला. (मागण्या गोठवून, शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंग उरकणारे पंधरवड्याचे ‘स्प्रिंट’ हे माझ्या मते छोटे वॉटरफॉलच.)

आता सांगा, अंतराळयानाचं सॉफ्टवेअर कुठल्या पद्धतीने करावं? जिथे चुकीला माफी नाही तिथे सगळं आधी ठरवून, एका दमात, असंच कुणालाही वाटेल. पण स्पेस शटलचं मुख्य सॉफ्टवेअर १९७७ ते १९८० या काळात, ३१ महिन्यांत, १७ फेऱ्यांनी घडवलं गेलं. एक फेरी साधारण आठ आठवड्यांची. अजाइलच्या जाहीरनाम्याच्या वीस वर्षं आधी! कारण यानाच्याच मागण्या मध्येच बदलत होत्या.

तरीही एक चूक निसटलीच. शटलमध्ये पाच संगणक होते. चार एकच सॉफ्टवेअर चालवत. पाचव्यावर वेगळ्या चमूने वेगळं लिहिलेलं, म्हणजे चौघांतही तीच चूक निघाली तरी पाचवा सावरून घेईल. १० एप्रिल १९८१ रोजी, पहिल्या उड्डाणाला जेमतेम वीस मिनिटं उरली असताना, या पाचव्याचा बाकीच्यांशी मेळच बसेना. उड्डाण रद्द झालं. शोध घेतल्यावर कळलं, की संगणक सुरू करण्याच्या नेमक्या क्षणावर अवलंबून असलेला वेळेचा एक बारीकसा घोळ होता, आणि तो उद्भवण्याची शक्यता ६७ मध्ये एक. चाचण्यांमध्ये तो निसटला होता. उपाय काय केला? संगणक पुन्हा सुरू केले आणि मेळ बसला याची खात्री करून घेतली. १२ एप्रिलला जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यांना घेऊन कोलंबिया हे शटल झेपावलं.