नाचणीला भाव मिळाला, गिऱ्हाईक कोण देणार?

1900 वरून 2897. 2018-19 च्या खरिपासाठी केंद्राने नाचणीचा हमीभाव क्विंटलमागे एकदम 997 रुपयांनी, म्हणजे 52 टक्क्यांनी वाढवला. पुढेही तो चढतच गेला. 2021-22 मध्ये 3377 आणि 2024-25 मध्ये 4290. त्याच हंगामात साधारण भाताला 2300 रुपये होते. जाहीर झालेला भाव पाहिला, तर नाचणी भाताच्या जवळपास दुप्पट किमतीची ठरली.

तरीही देशातलं नाचणीचं क्षेत्र साठच्या दशकाच्या तुलनेत निम्म्यावर आलं आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाही नसतं. पण पोषणाच्या तक्त्याने पीक विकलं जात नाही. 1965 मध्ये अन्न महामंडळ स्थापन झालं. सरकार मुख्यतः गहू आणि तांदूळ घेत राहिलं, रेशनवर तेच वाटत राहिलं. शेतकरी तिकडे वळला, यात त्याचं काय चुकलं?

2024-25 मध्ये सरकारने नाचणीचा उत्पादनखर्च क्विंटलला 2860 रुपये धरला होता. त्यात घरच्यांची मजुरीही आली. हमीभाव त्याच्या बरोबर दीडपट. म्हणजे खरेदी केंद्र असेल तर क्विंटलमागे 1430 रुपये हाती राहतात. केंद्र नसेल आणि गावात आलेला व्यापारी 2860 च्या खाली भाव बोलला, तर घरच्या मजुरीचेही पैसे सुटत नाहीत. खरेदीची सोय नसेल तर हमीभाव ही नुसती घोषणा.

ओडिशाने ही सोय केली. 2017 मध्ये सात जिल्ह्यांतल्या 30 तालुक्यांत भरडधान्य अभियान सुरू झालं. बियाणं आणि लागवडीला मदत मिळाली, आदिवासी विकास सहकारी महामंडळाने मंड्या, म्हणजे आपली नाचणी, हमीभावाने घेतली. ती रेशनवर गेली, काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांच्या लाडवात गेली. 2018-19 मध्ये खरेदी होती सुमारे 18 हजार क्विंटल, 2021-22 मध्ये 3 लाख 23 हजार. त्या-त्या वर्षीच्या हमीभावाने गुणलं, तर सव्वापाच कोटींची खरेदी तीन वर्षांत 109 कोटींवर गेली. देशाच्या त्या वर्षीच्या 17 लाख टनांत हा वाटा जेमतेम दोन टक्के, हेही खरं. पण ओडिशातल्या कोरापुटच्या उतारावर दोन-चार क्विंटल पिकवणाऱ्याला देशाचा वाटा काय करायचा? आपलं पोतं कोण घेणार, हे त्याला पेरणीआधी कळलं.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या निमित्ताने शहरांत महोत्सव झाले, नाचणीची बिस्किटं आली. पाकीटबंद, लेबल लावलेल्या भरडधान्य पिठावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. ठीक आहे, पण बिस्किटाच्या किमतीतले किती पैसे पिकवणाऱ्यापर्यंत पोचतात, याचा हिशोब कुठल्याच पाकिटावर छापलेला नसतो.

आपल्याकडे वरकस जमिनीवर नाचणीबरोबर वरई होते, आणि तिची गोष्ट उलटी आहे. नाचणीला घट्ट टरफल नसतं; झोडपली, पाखडली की दळायला तयार. वरईचं टरफल मात्र काढावं लागतं. उखळात कांडायचं तर बायकांचे हात दुखून येतात, म्हणून ती बहुधा टरफलासकट विकली जाते. नाशिककडच्या गिरण्यांत तिची भगर होते आणि दामही तिथेच वाढतो. गिऱ्हाईक शोधायचं कारणच नाही: एकादशी, नवरात्र, महाशिवरात्र, अख्खा महाराष्ट्र भगर खातो. तरी केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारी, बाजरी, नाचणी आहेत, वरई नाही. छत्तीसगडने 2021-22 मध्ये कोदो-कुटकी या भरडधान्यांना स्वतःहून क्विंटलला 3000 रुपये जाहीर केले. महाराष्ट्राला वरईसाठी तेवढंही अवघड जाऊ नये. राज्याने आधारभाव द्यावा आणि टरफल काढायची यंत्रं पिकाच्या गावातच, बचतगटांच्या हाती द्यावीत. नाचणीसाठी खाणारे रेशनमधून उभे करावे लागले. वरईचे खाणारे तर आधीच ताट घेऊन बसले आहेत.