पेटंट 'राबविणे' म्हणजे काय?

'पेटंट' हा शब्द मराठीत आता रुळला असला, तरी त्याचा मूळ अर्थ क्वचितच ध्यानात घेतला जातो. लॅटिनमधील 'उघडे पत्र' या शब्दप्रयोगापासून तो आला. मोहोर न फोडता कोणासही वाचता यावे असे राजपत्र, हा त्याचा पहिला अर्थ होय. शासनव्यवहाराच्या मराठीत त्यासाठी 'एकस्व' हा प्रतिशब्द योजण्यात आला. त्यात उघडेपणा लोपला आणि एकट्याचे स्वामित्व तेवढे पुढे आले. वस्तुतः पेटंट हा या दोन गोष्टींचा सौदा आहे. शोधकर्त्याने आपली युक्ती लेखी उघड करावयाची आणि समाजाने त्याबदली अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे त्यास एकाधिकार द्यावयाचा. नागपूर येथे १९८० साली पेटंट माहिती यंत्रणा स्थापन झाली, ती यांपैकी उघडेपणाच्या अंगाशी निगडित होती. परंतु या सौद्यास एक तिसरे अंगही आहे. ते असे की, ज्या शोधास संरक्षण दिले तो शोध त्या देशात प्रत्यक्ष उपयोगात आला पाहिजे. कायद्याच्या परिभाषेत यास पेटंट 'राबविणे' म्हणतात. या एका शब्दाचा अर्थ काय, यावर २०११ ते २०१४ या काळात मुंबईत जो वाद झाला, तो विकसनशील देशांतील उद्योग आणि पेटंट कायदा यांचा संबंध समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे.

या वादाची पार्श्वभूमी प्रथम पाहिली पाहिजे. स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ चा पेटंट कायदा चालू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या आपल्या अहवालात असे दाखवून दिले की, भारतातील बहुसंख्य पेटंटे परदेशीयांच्या हाती असून त्यांपैकी बहुतेक येथे राबविलीच जात नाहीत. म्हणजे पेटंट हे उत्पादनाचे साधन न राहता बाजारपेठ राखून ठेवण्याचे साधन झाले होते. या अहवालाच्या आधारे १९७० चा कायदा झाला आणि तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधांच्या बाबतीत त्याने पदार्थाला पेटंट नाकारून केवळ तो तयार करण्याच्या प्रक्रियेला पेटंट देऊ केले. एकच औषध निराळ्या प्रक्रियेने बनविण्यास त्यामुळे मुभा मिळाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये आणि पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये सुरू झालेला होता. अशा संस्थांतून रसायनशास्त्राचे जे कौशल्य देशात वाढत होते, त्यास नव्या कायद्याने वाव दिला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून औषधी पदार्थांनाही पेटंट देणे भारतास भाग पडले. तथापि सक्तीच्या परवान्याची तरतूद कायद्यात कायम राहिली.

कलम ८४ मधील ही तरतूद अशी : पेटंट दिल्यापासून तीन वर्षे लोटल्यावर कोणीही परवान्यासाठी अर्ज करू शकतो. लोकांची वाजवी गरज भागत नाही, वस्तू परवडणाऱ्या किमतीस मिळत नाही, किंवा शोध भारताच्या प्रदेशात राबविला गेलेला नाही, या तीन कारणांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरे होते.

बायर या जर्मन कंपनीस मूत्रपिंड व यकृत यांच्या प्रगत कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचे पेटंट मार्च २००८ मध्ये मिळाले. एका महिन्याच्या औषधाची किंमत सुमारे २,८०,००० रुपये होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीने आधी मालकाकडेच परवाना मागितला. तो न मिळाल्यामुळे तिने जुलै २०११ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला आणि तेच औषध महिना ८,८०० रुपयांच्या आसपास देण्याची तयारी दर्शविली. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी ९ मार्च २०१२ रोजी तिन्ही कारणे मान्य करून भारतातील पहिला सक्तीचा परवाना दिला. मालकास विक्रीच्या ६ टक्के स्वामित्वशुल्क द्यावे, औषध स्वतःच्याच कारखान्यात बनवावे आणि दर वर्षी किमान ६०० गरजू रुग्णांस ते विनामूल्य पुरवावे, अशा अटी त्यात होत्या.

खरा तात्त्विक प्रश्न तिसऱ्या कारणाचा होता. बायर औषध परदेशात बनवून भारतात आणीत असे. आयात करून विकणे म्हणजे राबविणे होय काय? 'राबविणे' या मराठी क्रियापदात 'राबणे' आहे, म्हणजे हातांचे श्रम गृहीत आहेत. इंग्रजी कायद्यातील शब्दही 'काम' या अर्थाच्या धातूपासूनच बनलेला आहे. परंतु कायद्यातील शब्दाचा अर्थ केवळ व्युत्पत्तीने ठरत नाही. तो संदर्भाने ठरतो. निव्वळ आयातीचा मक्ता उपभोगता यावा म्हणून पेटंटे दिली जात नाहीत, असे कलम ८३ सांगते. त्यावर भर देऊन नियंत्रकांनी 'भारतात वाजवी प्रमाणात उत्पादन करणे' असा अर्थ केला. उलट पक्षी, आयात माल व देशी माल यांत पेटंटहक्कांच्या बाबतीत भेद करू नये, असे आंतरराष्ट्रीय करार म्हणतो. तत्कालीन बौद्धिक संपदा अपील मंडळाने मार्च २०१३ मध्ये परवाना कायम ठेवून शुल्क ७ टक्के केले. मात्र काही प्रकरणी आयातही पुरेशी ठरू शकेल, असे मत दिले. मुंबई उच्च न्यायालयाने १५ जुलै २०१४ रोजी मध्यममार्ग स्वीकारला : प्रत्येक बाबतीत देशातच उत्पादन हवे असे नाही, परंतु ते येथे का करता आले नाही, हे पेटंटधारकाने पटवून दिले पाहिजे. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

या निर्णयावर असा आक्षेप घेतला जातो की, नवे औषध शोधण्यास प्रचंड खर्च येतो आणि असे परवाने सर्रास दिले गेल्यास तो खर्च कोणी करणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. परंतु वस्तुस्थिती अशी की, कलम ८४ खाली त्यानंतर असा परवाना मिळालेला नाही. मुंबईच्या बीडीआर कंपनीचा दासाटिनिबसाठीचा अर्ज २०१३ मध्येच फेटाळण्यात आला, कारण मालकाशी वाटाघाटीचा पुरेसा प्रयत्न तिने केलेला नव्हता. तेव्हा ही तरतूद अपवादाची आहे आणि अपवाद म्हणूनच तिचे मोल आहे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही की, परवान्याचा कागद स्वतः औषध बनवीत नाही. ब्राझीलने २००७ साली एफाविरेन्झ या एड्सवरील औषधासाठी सक्तीचा परवाना दिला, तेव्हा देशी उत्पादन सुरू होईपर्यंत त्यास भारतीय कारखान्यांकडून माल घ्यावा लागला. परवाना मागणारी कंपनी भारतात उभी राहू शकली, ती १९७० च्या कायद्याच्या छायेत वाढलेल्या उद्योगामुळे. कायद्याने उद्योग घडविला आणि त्या उद्योगामुळेच पुढे कायद्यातील शब्दास बळ आले.

या दृष्टीने एका लहानशा बदलाकडेही लक्ष दिले पाहिजे. पेटंट किती राबविले, याचे निवेदन धारकास पूर्वी दर वर्षी द्यावे लागे. सोराफेनिबच्या प्रकरणात अशी निवेदनेच पुरावा ठरली. २०२४ च्या नियमांनी हे निवेदन तीन वर्षांतून एकदा देणे पुरेसे ठरविले. पेटंटधारकाचा व्याप त्यामुळे कमी झाला हे खरे. पण 'राबविणे' या शब्दाचा अर्थ ज्या माहितीवरून तपासावयाचा, ती अभ्यासकास व अर्जदारास आता उशिरा मिळेल. उघड्या पत्राच्या सौद्यात शोधाचे वर्णन जितके उघड असावे लागते, तितकाच त्याचा उपयोगही उघड असला पाहिजे. अन्यथा 'एकस्व' एवढाच अर्थ शिल्लक राहील.