पोचा छोटा, हिशेब मोठा

बंपरला किरकोळ धक्का बसला की विम्याचा दावा करावासा वाटतो. पण तो अनेकदा आतबट्ट्याचा ठरतो. साध्या सर्वंकष पॉलिसीत प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी वजा होते. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी पहिले १,००० रुपये मालकालाच भरावे लागतात. म्हणजे ४,००० रुपयांच्या बंपरमागे हाती १,००० रुपयेच येतात. उलट, दावा न केल्यास वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के, तर सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के सवलत मिळते. एका दाव्याने ती सहसा बुडते. त्यामुळे गॅरेजमधून डेंटिंग-पेंटिंगच्या खर्चाचा अंदाज आधी घ्यावा आणि मिळणारी भरपाई व बुडणारी सवलत ताडून पाहावी. दावा करायचाच असल्यास मात्र विमा कंपनीची पाहणी होण्यापूर्वी दुरुस्ती करू नये.